चौकटीतला दाखला

माझे जावई तसबिरींना चौकटी बसवतात. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर, चाव्या बनवणारा आणि चष्मेवाला यांच्या मध्ये त्यांचे दुकान आहे. दुकान इतके अरुंद आहे की गिऱ्हाईक आत आले तर जावयांना भिंतीला पाठ टेकावी लागते, आणि गिऱ्हाईक अंगाने भरलेले असले तर त्यांनाच बाहेर यावे लागते. डाव्या हाताला लाकडी पट्ट्या उभ्या रचलेल्या आहेत. उजव्या हाताला काचा. मधल्या टेबलावर करवत, पटाशी, पक्कड, बारीक खिळ्यांचा डबा आणि चिकटवायच्या खळीचे भांडे एवढे सामान असते. त्या टेबलावरचा एक खिळा जरी इकडचा तिकडे झाला तरी जावयांना ते उमगते.

माणसाचा चेहरा पाहिला की त्यांना चौकट सुचते. आमच्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा मान वाकडी करून माझ्याकडे बराच वेळ पाहत बसले होते. मला ते मुळीच आवडले नाही. लग्नानंतर दोन वर्षांनी मी त्यांना कारण विचारले. ते म्हणाले, "आई, तुम्हाला रुंद तपकिरी पट्टी शोभेल. बारीक पट्टीत तुम्ही मावायच्या नाहीत." ही माझी स्तुती होती की नव्हती, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही.

त्यांचे बोलणे थोडे, आवाज खालचा. घाई हा शब्द त्यांना ठाऊक नाही. माझी लेक पावाच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जाते. तिचे सगळे काम घड्याळावर चालते. ती म्हणते, "आई, यांना आग लागली म्हणून सांगितलं, तर हे आधी विचारतील, किती बाय किती?" असे असले तरी दोघांचे चांगले जमते.

जावयांच्या स्वभावात कागदाविषयी फार आदर आहे, आणि त्याला कारण आहे. ते लहान असताना त्यांच्या घरची सगळी कागदपत्रे एका पत्र्याच्या पेटीत असत. पेटीला कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, लागली. ती मधोमध नेमका त्यांचाच जन्माचा दाखला खाऊन गेली. भावाच्या दाखल्याला ती शिवलीही नाही. दाखला नाही म्हणून शाळेने त्यांना घेतले नाही. नवा दाखला मिळेपर्यंत दोन वर्षे गेली. पुढे पहिलीत बसले तेव्हा बाकाखाली त्यांचे गुडघे मावत नव्हते, आणि वर्गातली मुले त्यांना "काका" म्हणत. हे त्यांनी मला हसत सांगितले. परंतु सांगताना त्यांच्या हातातला फडका एकाच काचेवर दहा वेळा फिरला, हे माझ्या लक्षात आले.

म्हणून त्यांना मुलगी झाली आणि तिचा जन्मदाखला हातात आला, त्याच दिवशी त्यांनी त्याला चौकट केली. सागाची पट्टी, वर जाड काच, मागे दुहेरी पुठ्ठा. तो दाखला घड्याळाच्या शेजारी भिंतीवर लागला. मागच्या वर्षी आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी फुटली आणि चार घरांतली कपाटे भिजली, तेव्हा भिंतीवरचा तो दाखला मात्र कोरडा राहिला. शेजाऱ्यांनी ते पाहिले. बेकरीवाले, कंडक्टरीणबाई आणि तळमजल्यावरचे न्हावीदादा आपापल्या मुलांचे दाखले वाळवून जावयांकडे घेऊन आले. जावयांनी ते सगळे चौकटीत बसवून दिले. आमच्या इमारतीत कोणाच्याही घरी गेले तर आधी मुलाचा दाखला दिसतो, मग मूल.

माझ्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. हे नाव का पडले, ते तिला एकदा पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. ती चार वर्षांची आहे. लेक कारखान्यात, आणि मी सकाळी दोन घरी आजारी माणसांची देखभाल करायला जाते; त्यामुळे भिंगरी दुपारपर्यंत दुकानात असे. काचेच्या दुकानात भिंगरी! जावई एका डोळ्याने काच कापत आणि दुसऱ्या डोळ्याने लेक पाहत. हिवाळ्यात तिने काचेच्या कडेला हनुवटी लावली आणि तीन टाके पडले. त्या दिवसापासून जावयांनी ठरवले की यंदा तिला बालवर्गात घालायचेच. आमच्या रस्त्याच्या टोकाला सरकारी शाळा आहे. तिचा बालवर्ग तीस मुलांचा. तिथे जागा मिळाली नाही, तर पुढची शाळा दोन बस बदलून. तिथे पोहोचवणार कोण आणि आणणार कोण? म्हणजे आणखी एक वर्ष काचांमध्ये.

नोंदणी सोमवारी, सकाळी नऊ ते बारा. येईल त्याला क्रमाने चिठ्ठी. जावयांनी फाटकावरची सूचना आदल्या आठवड्यात वाचली होती, असे ते म्हणाले. सोमवारी आम्ही सात वाजताच गेलो: जावई, भिंगरी आणि मी. मी त्या दिवशी दोन्ही घरी रजा सांगितली होती. जावयांनी भिंतीवरची चौकट जुन्या चादरीत गुंडाळून काखेत घेतली होती, आणि खांद्याला हत्यारांची पिशवी होती, कारण तिथूनच त्यांना दुकान उघडायला जायचे होते.

शाळेत पोहोचून पाहते, तर आमच्या इमारतीतली मंडळी आधीच रांगेत! प्रत्येकाच्या काखेत चादरीत गुंडाळलेली चौकट. इतर लोक आमच्याकडे कुतूहलाने पाहत होते. एका बाईने मला विचारलेही, "तुमच्यात काय, चित्रांची स्पर्धा आहे का?"

शिपाईकाकांनी चिठ्ठ्या वाटल्या. बेकरीवाल्यांना अकरा, कंडक्टरीणबाईंना चौदा, न्हावीदादांना पंधरा आणि आम्हाला बावीस. मागे बरीच माणसे होती. शेवटची चिठ्ठी अठ्ठेचाळीसची निघाली. बावीस म्हणजे जागा पक्की. माझा जीव भांड्यात पडला.

मी वाचायला साठीनंतर शिकले. त्यामुळे एखादी सूचना दिसली की मी ती शेवटच्या अक्षरापर्यंत वाचते. निम्मी टाकून पुढे जाणे मला जमत नाही. रांग व्हरांड्यातल्या सूचनांच्या फळ्याजवळ आली तेव्हा मी वाचू लागले. मुलाचे वय. लसीची नोंद. राहत्या जागेचा पुरावा. जन्माचा मूळ दाखला. आणि सर्वांत खाली, बारीक अक्षरात: दाखल्याच्या मागील बाजूस असलेला नोंद क्रमांक पाहून घेतला जाईल.

मी ते दोनदा वाचले. मग जावयांना म्हणाले, "अहो, मागची बाजू बघणार आहेत म्हणे."

"कशाची?"

"दाखल्याची. मागे क्रमांक असतो."

जावयांनी फळ्याकडे पाहिले, मग काखेतल्या चादरीकडे पाहिले. त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. म्हणाले, "मागे काहीतरी निळं लिहिलेलं होतं खरं."

तोपर्यंत ही बातमी पुढे पोहोचली होती. बेकरीवाले अकरा नंबर हातात घेऊन धावत आले. "अहो फ्रेमवाले! काय करून ठेवलंत हे? माझ्या पोराचा दाखला तुम्ही काचेत कोंडलाय! आतून काढा त्याला!"

"काढतो, काढतो. ओरडू नका, काच आहे."

"काच राहू द्या, मला घाम फुटलाय!"

जावई व्हरांड्यातल्या पायरीवर बसले. पिशवीतून पक्कड काढली. चौकट उपडी ठेवून एक-एक खिळा उपटला, पुठ्ठा उचलला, आणि दाखला अलगद बाहेर काढून बेकरीवाल्यांच्या हातात ठेवला. दोन मिनिटेही लागली नाहीत. बेकरीवाल्यांनी दाखला उलटा केला, आणि मागचा निळा क्रमांक पाहून त्याला असे कवटाळले, जणू पोरगाच हरवून सापडला होता. लगेच कंडक्टरीणबाईंनी आपली चौकट पुढे केली.

मला राग आला. मी म्हणाले, "अहो जावईबापू, आधी आपलं बघा ना! लोकांचं काय घेऊन बसलात?"

त्यांनी मान वर केली नाही. "आई, त्यांचे नंबर आधी आहेत. आणि त्यांचं सोपं आहे. दुसऱ्याच्या कागदाला कधी खळ लावायची नाही, हे मला उस्तादांनी शिकवलंय. कागदाचे चार कोपरे नुसते खाचेत अडकवायचे. पाहिजे तेव्हा निघतो."

"मग आपलंही काढा तसंच."

 कंडक्टरीणबाईंच्या चौकटीचा शेवटचा खिळा निघाला, पाठोपाठ न्हावीदादांच्याही. मग ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "आपल्या दाखल्याला खळ लावलीय."

"कुठं?"

"सगळीकडं. मागच्या बाजूला, काठापासून काठापर्यंत. हवासुद्धा शिरू नये म्हणून."

हे ऐकून कंडक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! स्वतःच्याच लेकीचा दाखला भिंतीवरच्या जाहिरातीगत चिकटवलात?"

"माझा कागद होता ना," जावई म्हणाले. "माझ्या कागदाला काय होणार, असं वाटलं."

त्यांनी जी काळजी दुसऱ्या कोणासाठी घेतली नाही ती लेकीसाठी घेतली, आणि त्याच काळजीने लेकीची वाट अडवली. मला त्यांचा राग आला होता, तो तेथेच थांबला. मी विचारले, "निघेल कसा?"

"वाफ पाहिजे. दहा-पंधरा मिनिटं. वाफ दिली की खळ सुटते."

अकरा नंबर आत गेला होता. कारकूनबाई प्रत्येकाला साधारण तीन मिनिटे घेत होत्या, आणि हाक मारली तेव्हा जो हजर नसेल त्याने रांगेच्या शेवटी जायचे, असा नियम शिपाईकाकांनी सकाळीच खणखणीत आवाजात सांगितला होता. शेवटी म्हणजे अठ्ठेचाळीसच्या मागे, आणि जागा तीस.

शाळेच्या मागे स्वयंपाकघर होते. मी पुढे, जावई मागे आणि भिंगरी दोघांच्याही पुढे. तिथल्या स्वयंपाकीणबाई बादलीएवढ्या पातेल्यात पाणी उकळत होत्या. मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी चौकटीकडे पाहिले, जावयांकडे पाहिले.

"म्हणजे मी आता दाखला उकडू?"

"उकडायचा नाही हो," जावई कळवळून म्हणाले. "नुसती वाफ."

"नुसती वाफ देते. मीठ-बीठ नको ना?" असे म्हणून त्यांनी पातेल्यावरचे झाकण सरकवले आणि स्वतः बाजूला झाल्या. मनाने चांगल्या बाई.

जावयांनी काच काढली, पट्टी काढली, आणि पुठ्ठ्याला चिकटलेला दाखला वाफेवर आडवा धरला. मी घड्याळाकडे पाहत होते. ते पाहत नव्हते. त्यांनी एक कोपरा नखाने उचलून पाहिला, सुटला नाही. पुन्हा वाफ. पुन्हा नख. कोणी दुसरा असता तर ओढून फाडून मोकळा झाला असता. माझा स्वतःचा हात दोनदा पुढे गेला आणि मी दोनदा मागे घेतला. दारातून न्हावीदादा ओरडले, "माझं झालं! सोळावा आत गेलाय!"

"सतराव्याला सांगा, जरा सावकाश बोला म्हणावं," मी म्हणाले.

"सतराव्याला काय, मीच पुन्हा जातो. मला शाळेच्या गणवेशाबद्दल शंका आहेत." आणि ते खरोखरच गेले. नंतर समजले की त्यांनी कारकूनबाईंना गणवेशाचा रंग, बटणांची संख्या, आणि मुलांचे केस किती लांब चालतील, असे तीन प्रश्न विचारले. तिसऱ्या प्रश्नाला बाई म्हणाल्या, "ते तुम्हीच कापता ना? मग मला काय विचारता?" आणि त्यांना बाहेर काढले. त्यानंतर बेकरीवाले गेले. त्यांना तर दारातूनच परत पाठवले.

दाखला सुटू लागला. एक कोपरा, मग वरची कड, मग निम्मा. जावई तो तळहातावर घेत घेत सोलत गेले. पुढची बाजू शाबूत होती. भिंगरीचे नाव, तारीख, शिक्का, सगळे स्वच्छ. मी सुटकेचा श्वास टाकला. मग त्यांनी दाखला उलटा केला.

मागची बाजू पांढरी होती. निळी शाई खळीसकट पुठ्ठ्यावर राहिली होती.

मी पुठ्ठा पाहिला. त्यावर अक्षरे होती, पण ती कोणत्याच भाषेतली दिसत नव्हती. मी एक-एक आकडा वाचायचा प्रयत्न केला आणि मला एकही ओळखता आला नाही. मला वाटले, माझेच शिकणे कमी पडले.

"आई, ते उलटे उमटलेत," जावई म्हणाले.  "मला वाचता येतात. दुकानाच्या काचेवर बाहेरून नाव रंगवलंय; मी आतून ते रोज उलटं वाचतो." आणि त्यांनी क्रमांक घडाघडा म्हणून दाखवला.

तेवढ्यात शिपाईकाकांची हाक आली. "बावीस! बावीस नंबर!"

आम्ही धावलो. जावयांना धावताना मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

कारकूनबाई जाड चष्म्याच्या आणि नीटनेटक्या होत्या. समोर संगणक, बाजूला अर्जांचा गठ्ठा. जावयांनी एका हातातला ओला दाखला आणि दुसऱ्या हातातला पुठ्ठा टेबलावर ठेवला. बाईंनी आपला गठ्ठा चटकन बाजूला सरकवला.

"हे काय आणलंत?"

"दाखला. आणि त्याची मागची बाजू."

"वेगवेगळी?"

"आजच वेगळी झाली."

बाईंनी पुठ्ठा फिरवून पाहिला, खाली-वर करून पाहिला. "यातलं मला काही वाचता येत नाही. आणि क्रमांक टाकल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही."

जावयांनी क्रमांक सांगितला.

"अहो, तोंडी सांगितलेला मी कसा घेऊ? मला स्वतः पाहून टाकायचाय. उद्या कोणीही येऊन काहीही सांगेल." त्यांचे म्हणणे बरोबर होते. जावईही मान हलवून "बरोबर आहे" म्हणाले, आणि मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. स्वतःच्या विरुद्ध साक्ष द्यायची ही वेळ नव्हती!

बाई म्हणाल्या, "नवीन प्रत काढून आणा. तोवर तुमचा नंबर..." आणि त्यांनी रांगेकडे पाहिले. पुढचे त्यांना बोलवले नाही.

जावई तिथेच उभे राहिले. हात ओले, बाह्या कोपरापर्यंत, बोटांना खळ. ते म्हणाले, "बाई, एक विनंती आहे. आरसा दाखवला तर तुम्हाला स्वतःला वाचता येईल. तुमच्या डोळ्यांनी. मी एक शब्द बोलणार नाही."

"इथं आरसा कुठला?"

"बाहेर हात धुवायच्या जागी आहे," शिपाईकाका म्हणाले. हे ते का म्हणाले, मला माहीत नाही. सकाळपासून त्यांनी कोणालाही मदत केली नव्हती.

बाईंनी क्षणभर विचार केला, पेन घेतले, आणि उठल्या. आरसा मुलांसाठी होता, म्हणून मुलांच्याच उंचीवर लावलेला होता. त्याच्यापुढे भिंगरी आधीच उभी होती आणि स्वतःला जीभ दाखवत होती. बाईंनी साडीचा घोळ सावरला आणि तिच्या शेजारी उकिडव्या बसल्या. जावई गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी पुठ्ठा आरशापुढे धरला. मागे बेकरीवाले, न्हावीदादा, कंडक्टरीणबाई आणि तेविसापासून पुढची निम्मी रांग गोळा झाली.

"सरका जरा, उजेड अडतोय," बाई म्हणाल्या. त्या एक-एक आकडा वाचत गेल्या आणि तळहातावर लिहीत गेल्या. एका ठिकाणी अडल्या. "हा एक आहे का सात?"

सगळ्यांनी जावयांकडे पाहिले. त्यांनी ओठ घट्ट मिटले. शब्द दिला होता ना.

बाईंनी पुठ्ठा स्वतः हातात घेतला, तिरका केला. "सात," त्या म्हणाल्या. जावयांनी तेव्हा कुठे श्वास सोडला.

आत येऊन बाईंनी क्रमांक टाकला. संगणकाने बराच वेळ घेतला. मी वर छताकडे पाहत राहिले. मग बाई म्हणाल्या, "मुलीचं नाव?" जावयांनी सांगितले. "तारीख?" सांगितली. "आईचं नाव?" सांगितले. बाईंनी पडदा आमच्याकडे वळवला. मी वाचले. माझ्या नातीचे नाव होते, माझ्या लेकीचे होते, आणि खाली जावयांचे. मी ते मोठ्याने वाचले. का वाचले, कोण जाणे.

"झाली नोंदणी," बाई म्हणाल्या. "पंधरा दिवसांत नवी प्रत आणून द्या. आणि कृपा करून तिला चौकट करू नका."

"करणार," जावई म्हणाले. "पण नुसत्या कोपऱ्यांवर."

कारकूनबाई हसल्या नाहीत, परंतु चष्मा पुसायला काढला. तळहातावरचा क्रमांक त्यांनी नंतर साबणाने धुतला म्हणे, पण दोन दिवस गेला नाही.

तीस जागा अकराच्या सुमारास भरल्या. एकतीस नंबरच्या आजोबांना प्रतीक्षायादीत पहिले लिहिले. ते नातवाचा हात धरून व्हरांड्यात उभे होते. जावई त्यांच्यापाशी गेले आणि बराच वेळ काही बोलले. काय बोलले ते मी विचारले नाही. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा गंभीर होता. नंतर शेजाऱ्यांच्या तिन्ही चौकटी त्यांनी पायरीवर बसून पुन्हा बंद करून दिल्या, कारण उघडी काच घेऊन ते कोणाला रस्त्याने जाऊ देत नाहीत.

मग आम्ही भिंगरीला म्हणालो, चल. ती म्हणाली, "कुठं?"

"घरी."

"माझं नाव शाळेत लिहिलं ना?"

"लिहिलं."

"मग मी शाळेची आहे. मी इथंच थांबते." आणि ती फाटकाच्या पायरीवर बसली. मी समजावले, की शाळा अजून दीड महिन्याने उघडणार आहे. ती म्हणाली, "थांबते."

मी जावयांकडे पाहिले. दुकान उघडायची वेळ कधीच टळून गेली होती. त्यांनी हत्यारांची पिशवी खाली ठेवली, रिकामी सागाची चौकट गुडघ्यावर घेतली, आणि लेकीच्या शेजारी पायरीवर बसले. "सरक थोडी," ते म्हणाले. "मीही जरा बसतो."

शिपाईकाका कुलूप घेऊन आले, तेव्हाही दोघे तिथेच बसले होते.